हरवलेल्या मुलाचा बाप

मोगली आपल्या सगळ्यांच्या घरी येऊन गेलाय. रविवारी सकाळी पोरांना दूरदर्शनसमोर बसवून तेवढ्यात पोळ्या उरकून घेतलेल्या आयांना तो चांगलाच आठवत असेल. त्याचा जन्मदाता रुडयार्ड किपलिंग मूळचा मुंबईचा. ३० डिसेंबर १८६५ चा जन्म, वडील जे. जे. कला शाळेत शिकवायचे. पण मोगलीपलीकडचा किपलिंग आपल्याला फारसा माहीत नसतो. त्यानं लघुकथा ढिगानं लिहिल्या आणि त्यातल्या कितीतरी फौजेच्या आहेत.

फौजेचं वेड लहानपणापासूनचं. सहाव्या वर्षी आई-वडिलांनी त्याला इंग्लंडमध्ये परक्या घरी ठेवलं, तिथे त्याचे फार हाल झाले. पुढे शाळा मिळाली ती फौजी अधिकाऱ्यांच्या मुलांची. वर्गमित्र फौजेत जायच्या तयारीत आणि याच्या नाकावर जाड भिंगांचा चष्मा! मग सोळाव्या वर्षी, १८८२ मध्ये तो लाहोरला वर्तमानपत्रात लागला. फावल्या वेळात बराकींत जाऊन बसायचा. साध्या शिपायांची दारू, उन्हाळा, कॉलरा, घरची आठवण, सगळं त्यानं कथांत आणलं. १८८८ च्या एका कथेत पळून आलेल्या पलटणीला लाज वाटावी म्हणून ढोल-बासरी वाजवणारी दोन पोरं पुढे चालत जातात आणि मरतात. पलटण परत फिरते, जिंकते. वाचताना आपलाही ऊर भरून येतो, आणि मग वाटतं, अरे, चौदा वर्षांची पोरं होती ही!

साम्राज्यावरची त्याची भक्ती आपल्याला पचणारी नाही. १९२० मध्ये जनरल डायरसाठी जमवलेल्या निधीला त्यानं पैसे दिले होते. हे विसरून त्याच्याबद्दल लिहिता येत नाही.

१९१४ मध्ये महायुद्ध पेटलं. किपलिंग गावोगाव भाषणं देत तरुणांना भरती व्हायला सांगत होता. घरात एकुलता एक मुलगा जॉन. थोरली मुलगी जोसेफीन १८९९ मध्येच न्यूमोनियानं गेलेली. जॉनची नजर बापासारखीच अधू, म्हणून फौजेनं त्याला नाकारलं. बापानं ओळखीच्या लॉर्ड रॉबर्ट्सकडे शब्द टाकला आणि पोराला आयरिश गार्ड्समध्ये जागा मिळवून दिली. २७ सप्टेंबर १९१५ ला फ्रान्समध्ये लूस इथे जॉन बेपत्ता झाला. अठरा वर्षं पूर्ण होऊन जेमतेम सहा आठवडे झाले होते. किपलिंग आणि त्याची बायको कॅरी इस्पितळं पालथी घालत राहिले, परतलेल्या शिपायांना विचारत राहिले. देह सापडला नाही.

जॉन जाण्याआधी काही महिने त्यानं ‘मेरी पोस्टगेट’ ही कथा लिहिली होती. मेरी एका म्हातारीची पगारी सोबतीण. जिला हातांनी वाढवलं त्या म्हातारीच्या पुतण्याचे कपडे-खेळणी ती बागेत जाळतेय, कारण तो विमानात मेलाय. तिथेच झाडाखाली एक जखमी वैमानिक पडलाय, बहुधा जर्मन. ती डॉक्टरला बोलवत नाही. तो मरेपर्यंत थांबते, घरी येऊन गरम पाण्यानं नाहते आणि एकदम टवटवीत दिसू लागते. युद्ध एका पापभीरू बाईचं काय करतं, हे इतकं थेट क्वचितच कुणी लिहिलं असेल. लेखक तिच्या बाजूनं आहे की नाही, यावर अजून वाद चालतात.

मुलगा गेल्यावर त्यानं त्याच्या पलटणीचा दोन खंडांचा इतिहास लिहिला, त्यात जॉनचा उल्लेख जेमतेम. १९१७ पासून तो युद्धातल्या कबरींची देखभाल करणाऱ्या आयोगावर होता. (आपल्या खडकीचं युद्ध स्मशान आज याच संस्थेकडे आहे, तिथे दुसऱ्या महायुद्धातल्या १६०० हून अधिक कबरी आहेत.) ज्यांची ओळख पटली नाही, त्यांच्या दगडावर तो फक्त देवाला ठाऊक आहे अशा अर्थाचे शब्द कोरायचे, ही सूचना किपलिंगची.

‘द गार्डनर’ ही कथा १९२५ ची. हेलन गावाला सांगते की मायकेल हा तिच्या मेलेल्या भावाचा पोरगा. मायकेलनं आई म्हणायचं ते फक्त झोपताना. तो युद्धात मरतो. पुढे कबर सापडल्याचं पत्र येतं आणि ती परदेशी जाते. वाटेत दुसरी एक बाई आपलं गुपित तिच्यापाशी मोकळं करते, हेलन मात्र आपलं गिळून टाकते. हजारो कबरींत ती भांबावलेली असताना रोपं लावणारा एक माणूस विचारतो, कुणाला शोधताय. पुतण्याला, ती म्हणते. तो तिच्याकडे मायेनं बघतो आणि म्हणतो की चला, तुमचा मुलगा कुठे आहे ते दाखवतो.

तो माळी कोण, हे ख्रिस्ती वाचकाला सांगावं लागत नाही. कबरीपाशी रडणाऱ्या मेरी मॅग्डेलीनलाही येशू माळीच वाटला होता.

किपलिंग १९३६ मध्ये गेला, कॅरी १९३९ मध्ये, धाकटी मुलगी एल्सी १९७६ मध्ये. १९९२ मध्ये आयोगानं फ्रान्समधल्या एका निनावी कबरीवर जॉनचं नाव कोरलं. ती त्याचीच का, यावर पुढे वर्षानुवर्षं वाद झाले. तोवर घरातलं कुणी उरलं नव्हतं.