समुद्राचे गणित
इटली देशात अँकोना नावाचे बंदर आहे. तेथे ३ मे १८६० रोजी एका गरीब ज्यू कुटुंबात व्हितो व्होल्तेरा यांचा जन्म झाला. ते दोन वर्षांचे असतानाच वडील वारले. आईने त्यांना घेऊन आपल्या भावाचा आसरा घेतला. घरची गरिबी पाहून व्हितोने नोकरी धरावी, असे नातेवाइकांना वाटे. पण एका शिक्षकाने त्यांची हुशारी ओळखून प्रयोगशाळेत काम दिले. शिक्षण सुरू राहिले. १८८३ मध्ये, अवघ्या तेविसाव्या वर्षी, ते पिसा येथे प्राध्यापक झाले.

पहिल्या महायुद्धानंतर त्यांच्यापुढे एक कोडे आले. पुढे त्यांचे जावई झालेले उंबेर्तो दांकोना हे प्राणिशास्त्रज्ञ होते. त्यांनी एड्रियाटिक समुद्राकाठच्या मासळीबाजारांतील नोंदी तपासल्या. युद्धकाळात मासेमारी कमी झाली होती. त्या वर्षांत, इतर मासे खाणाऱ्या शिकारी माशांचे प्रमाण मात्र वाढले होते. असे का झाले?

व्होल्तेरांनी समीकरणे मांडली. भक्ष्य वाढले की शिकारी वाढतात. शिकारी वाढले की भक्ष्य घटते. मग शिकारी उपाशी मरतात आणि भक्ष्य पुन्हा वाढते. हे चक्र चालूच राहते. जाळे दोघांनाही पकडते, पण त्यात शिकाऱ्यांचे नुकसान अधिक होते. म्हणून जाळी कमी होताच शिकारी वाढले. हे उत्तर १९२६ मध्ये प्रसिद्ध झाले. अमेरिकेत लोट्का यांनी १९२५ मध्ये स्वतंत्रपणे अशीच समीकरणे मांडली होती.

आपल्या बीड जिल्ह्यातील कपाशीचेच पाहा. मावा पिकाचा रस शोषतो आणि ढालकिडा मावा खातो. दोघांनाही मारणारे औषध फवारले, तर मावा पुन्हा जोमाने वाढू शकतो.

पुढे शास्त्रज्ञांनी या समीकरणांत सुधारणा करून ती प्रयोगशाळेतील पात्रांसाठीही वापरली. अशा पात्रात एकीकडून पोषक द्रव सतत येतो आणि दुसरीकडून तेवढाच बाहेर जातो. आत जिवाणू आणि त्यांना खाणारे अमीबा असतात. बाहेर जाणारा द्रव जाळ्याप्रमाणे दोघांनाही घेऊन जातो.

१९३१ मध्ये इटलीच्या फॅसिस्ट सरकारने प्राध्यापकांना निष्ठेची शपथ घेण्याचा हुकूम दिला. सुमारे १२०० प्राध्यापकांपैकी जेमतेम १२ जणांनी नकार दिला. सत्तरी ओलांडलेले व्होल्तेरा त्यांपैकी एक होते. रोम विद्यापीठातील त्यांची नोकरी गेली, पण ते डगमगले नाहीत. ११ ऑक्टोबर १९४० रोजी रोम येथे त्यांचे निधन झाले. त्यांची समीकरणे आजही जगभर शिकवली जातात.