मणिभाईंची गाय आणि आपली शेळी

लातूर-नांदेडकडून टेंभुर्णीमार्गे पुण्याला जाताना, पुणे यायच्या थोडे आधी सोलापूर रस्त्यावर उरळीकांचन हे गाव लागते. हे गाव देशभर माहीत झाले ते मणिभाई देसाई या माणसामुळे. १४ नोव्हेंबर १९९३ रोजी मणिभाई गेले. किल्लारीच्या भूकंपाला तेव्हा जेमतेम दीड महिना झाला होता. आपला भाग स्वतःच्याच दुःखात होता. मणिभाईंनी जन्मभर काम केले ते मुख्यतः गाईचे. तरीही दारात चार शेरडं बांधणाऱ्या आपल्याकडच्या माणसाने आणि शेळ्यांच्या योजना राबवणाऱ्या कर्मचाऱ्याने त्यांचे आयुष्य समजून घ्यावे, असे त्यात बरेच काही आहे.

सुरतेचा शेतकऱ्याचा पोरगा

मणिभाईंचा जन्म २७ एप्रिल १९२० रोजी सुरत जिल्ह्यातल्या कोसमाडा या गावी शेतकरी कुटुंबात झाला. शिक्षण विज्ञानाचे. डोके हुशार. चांगली नोकरी धरून शहरात बसता आले असते. पण १९४२ च्या चलेजाव चळवळीत ते उतरले, तुरुंगात गेले आणि पुढे गांधीजींच्या सेवाग्राम आश्रमात दाखल झाले.

मार्च १९४६ मध्ये गांधीजी निसर्गोपचाराच्या कामासाठी उरळीकांचनला आले. आठवडाभर राहून ते पुढच्या कामाला निघून गेले. मणिभाई मात्र मागे थांबले, ते कायमचे. गांधीजी स्वतः १९१९ पासून शेळीचे दूध घेत, हे आपल्याला माहीत आहेच. त्यांच्या या शिष्याने पुढे जनावरालाच गरिबाच्या संसाराचा आधार मानले.

त्या वेळचे उरळीकांचन म्हणजे आपल्याकडच्या कुठल्याही कोरडवाहू गावासारखे. पाणी कमी, रोगराई फार, हातभट्टीची दारू आणि चोऱ्यामाऱ्या. परगावचा, परभाषेचा हा तरुण तिथे राहिला आणि गावाचा झाला. निसर्गोपचार आश्रम उभा राहिला, शाळा निघाली, शेती सुधारली. आश्रमाच्या गोशाळेत गीर गाई आल्या. गाईची पैदास, तिचा खुराक, तिचे आजार हे सारे मणिभाई स्वतः शिकले. कोणती गाय किती दूध देते, कोणत्या वळूची कालवड कशी निघते, याच्या नोंदी ठेवल्या जाऊ लागल्या. नोंद नसेल तर सुधारणा कळत नाही, ही विज्ञान शिकलेल्या माणसाची शिस्त त्यांनी गोठ्यात आणली.

दवाखाना दारात

एक चांगली गोशाळा उभी करून मणिभाई थांबले असते, तरी लोकांनी नाव घेतले असते. पण त्यांना दिसत होते की आश्रमाच्या गाई सुधारल्या म्हणून गावातल्या अल्पभूधारकाची गाय सुधारत नाही. त्याच्या दावणीला एखादी गावठी गाय, दूध जेमतेम लिटरभर, तेही वासराच्या वाट्याचे. नवी दुभती गाय घ्यायला त्याच्याकडे पैसा नाही. मग आहे त्याच गाईच्या पोटी चांगली कालवड जन्माला घालायची, हा मार्ग त्यांनी धरला. त्यासाठी १९६७ मध्ये 'बाएफ' ही संस्था स्थापन झाली. परदेशी जातींच्या वळूंचे गोठवलेले रेत वापरून संकरित पैदास करण्याचे काम तिने हाती घेतले.

कृत्रिम रेतन तेव्हा सरकारी दवाखान्यातही होत होते. मणिभाईंनी फरक केला तो एकाच गोष्टीत. गाय दवाखान्यात न्यायची नाही, माणूस गाईकडे जाईल. हे साधे वाटते, पण त्यात फार अर्थ आहे. गाईचा माज जेमतेम बारा ते अठरा तास टिकतो. मजुरी बुडवून ती दहा-बारा किलोमीटर चालवत न्यायची, तिथे डॉक्टर भेटतील की नाही त्याचा भरवसा नाही, तोवर माज निघून जातो. मग गाय रिकामी राहते आणि पुढचे तीन आठवडे फुकट जातात. बाएफचा कार्यकर्ता नत्राची टाकी घेऊन मोटारसायकलवर दारात येऊ लागला. पुढे गाभण तपासणी, वासराची निगा, चाऱ्याचा सल्ला हेही त्याच फेरीत होऊ लागले. गाय गाभण राहिली की नाही याचा जाब त्या माणसाला द्यावा लागे. पुढे हे काम महाराष्ट्राबाहेर अनेक राज्यांत गेले.

दूध वाढायचे तर चारा हवा. सत्तरच्या दशकात हवाई बेटांवरून आलेल्या सुबाभळीच्या उंच वाढणाऱ्या जातीचा प्रसार बाएफने केला. बांधावर लावलेले झाड चाराही देते आणि सरपणही. ऐंशीच्या दशकात गुजरातेत वांसदा भागातल्या आदिवासी कुटुंबांसाठी 'वाडी' उभी राहिली. थोड्याशा माळरानावर आंब्याची झाडे, मधल्या जागेत पिके, कडेने चाऱ्याची आणि लाकडाची झाडे. मजुरीसाठी गाव सोडणारी माणसे त्यामुळे घरी राहू लागली.

१९६८ मध्ये त्यांना पद्मश्री आणि १९८२ मध्ये मॅगसेसे पुरस्कार मिळाला. कामाचे ठिकाण मात्र अखेरपर्यंत उरळीकांचनच राहिले.

आपल्याकडे काय घ्यावे, काय घेऊ नये

मणिभाईंचे सगळेच जसेच्या तसे उचलायचे नाही. संकरित गाईला पाणी, हिरवा चारा आणि सावली लागते. आपल्या दोन्ही जिल्ह्यांत उन्हाळ्यात माणसांनाच टँकर लागतो. शिवाय आपल्याकडे देवणी आणि लाल कंधारी या कसदार जाती आहेत, त्या संकरात बुडवणे शहाणपणाचे नाही. आणि भूमिहीनाला गाय परवडत नाही. त्याची गाय म्हणजे शेळीच.

शेळीच्या बाबतीत आपण नशीबवान आहोत. उस्मानाबादी ही नामांकित जात आपल्याच भागातली. काळी, काटक, बाभळीचा पाला-शेंगा खाऊन जगणारी. पाच महिन्यांत विते, बऱ्याचदा जुळी देते, नीट सांभाळली तर दोन वर्षांत तीन वेते होतात. मग एवढी चांगली शेळी दारात असून घर वर का येत नाही?

थोडा हिशेब करू. समजा पाच शेळ्या आहेत. दोन वर्षांत तीन वेते आणि वेताला सरासरी दीड करडू धरले तर बावीस करडे होतात. त्यातली सात-आठ पहिल्या महिन्यात हगवणीने, थंडीने, जंताने गेली, तर उरली चौदा-पंधरा. पीपीआरची साथ आली तर मोठी शेळीही जाते. म्हणजे नफा बाजारात बुडत नाही, तो गोठ्यातच मरतो. उरलेल्यांत जे बोकड सगळ्यांत अंगापिंडाने भरलेले, ते ईदला, जत्रेला आधी विकले जाते. मागे राहिलेले किरकोळ बोकड कळपाला लागते, तेही त्याच कळपातले. दर पिढीला आपण आपल्याच हाताने जात उतरवतो.

मणिभाईंची रीत इथे लावून पाहा. पहिली गोष्ट पैदाशीची. वीस-पंचवीस शेळ्यांमागे एक निवडक, जुळ्यातला बोकड ठेवावा आणि दर दोन वर्षांनी बदलावा. एकट्याला परवडत नसेल तर वस्तीने मिळून घ्यावा. शेळी-मेंढी विकास महामंडळाची प्रक्षेत्रे मुखेड, अंबाजोगाई आणि तीर्थ येथे आहेत, तिथे चौकशी करावी.

दुसरी गोष्ट औषधपाण्याची. आंत्रविषाराची लस पावसाळ्याच्या तोंडावर, पीपीआरची तीन वर्षांतून एकदा, जंताचे औषध पावसाळ्याआधी आणि नंतर. करडू जन्मल्यावर तासाभरात त्याला चीक पाजावा आणि नाळेला टिंचर आयोडीन लावावे. हा खर्च एका करडाच्या किमतीपुढे काहीच नाही.

तिसरी गोष्ट चाऱ्याची. बांधावर शेवरी, सुबाभूळ लावा. सुबाभळीचा पाला मात्र हिरव्या चाऱ्याच्या एक तृतीयांशापेक्षा जास्त देऊ नका, नाहीतर केस गळतात. गाभण शेळीला शेवटचा दीड महिना थोडा खुराक द्या. भर उन्हाळ्यात गाभण शेळी पडत्या भावाने विकली जाते ती चारा नसतो म्हणूनच.

ग्रामसेवक, पशुधन पर्यवेक्षक यांच्यासाठी

दहा शेळ्या आणि एक बोकड असा गट देण्याच्या योजना आपल्याकडे आहेत. गट वाटला, कानात बिल्ला मारला, विमा उतरवला, फोटो काढला की आपले काम झाले असे आपण धरतो. मणिभाईंचे काम त्या दिवशी सुरू होत असे. जनावर देणे सोपे असते, त्याच्या मागे वर्षभर उभे राहणे कठीण. गट मिळालेल्या विधवा बाईच्या चार शेळ्या वर्षात मेल्या, तर तिच्यावर योजनेतल्या तिच्या हिश्शाचे कर्ज उरते आणि शेळीवरचा विश्वासही उडतो.

म्हणून लसीकरणाचा दिवस ग्रामसभेत ठरवून दवंडी द्यावी. कर्मचाऱ्याने वस्तीवर, तांड्यावर सकाळी शेळ्या चरायला सुटण्याआधी पोचावे. गावात पशुसखी असेल तर तिच्या हाती वही द्यावी. किती विल्या, किती जगल्या, किती विकल्या, एवढे तीनच रकाने पुरेत. वर्षअखेर ती वही ग्रामसभेत वाचून दाखवावी. गट किती वाटले यापेक्षा करडे किती जगली हा आकडा गावाला कळायला हवा.

एका गावात ठाण मांडून मणिभाईंनी ४७ वर्षे काढली. आपल्याला तेवढी काढायची नाहीत. आपल्या हद्दीतल्या एका वस्तीवर एक वर्ष लक्ष ठेवून पाहावे. या वर्षी पावसाळ्याआधी सगळी शेरडं टोचून झाली आणि वस्तीत एक चांगला बोकड आला, तरी पुढच्या माळेगावच्या यात्रेपर्यंत त्या घरांना फरक दिसेल.