गोरिलांचा विश्वास जिंकणारी डायन

पर्वतीय गोरिलांच्या जवळ बसून त्यांचा अभ्यास कसा करायचा, हे जगाला दाखवणाऱ्या डायन फॉसी मुळात प्राणिशास्त्रज्ञ नव्हत्या. १६ जानेवारी १९३२ रोजी सॅन फ्रान्सिस्को येथे जन्मलेल्या डायन यांनी ऑक्युपेशनल थेरपीचे शिक्षण घेतले आणि लुईव्हिल शहरातील मुलांच्या रुग्णालयात नोकरी धरली.

१९६३ मध्ये कर्ज काढून त्या सात आठवड्यांच्या आफ्रिका सफारीला गेल्या. ओल्डुवाय येथे मानववंशशास्त्रज्ञ लुई लीकी यांची भेट झाली. तिथेच घोट्याला दुखापतही झाली. तशा पायाने डोंगर चढून त्या काँगोतील कबारा येथे पोहोचल्या. ॲलन आणि जोन रूट हे दांपत्य तिथे गोरिलांचे चित्रीकरण करत होते. त्यांच्याबरोबर डायन यांनी पहिल्यांदा रानातले गोरिला पाहिले. पुढे लीकी यांनीच त्यांच्यावर दीर्घ अभ्यासाची जबाबदारी सोपवली. १९६७ मध्ये कबारात काम सुरू झाले, पण काँगोतील अशांततेमुळे ते सोडावे लागले. त्याच वर्षी २४ सप्टेंबरला त्यांनी रवांडात, कॅरिसिंबी आणि विसोके या ज्वालामुखींच्या मधोमध, सुमारे ३,००० मीटर उंचीवर तळ उभारला. दोन्ही नावे जोडून त्याचे नाव ठेवले कॅरिसोके.

सुरुवातीला चाहूल लागताच गोरिला पळून जात. लपूनछपून गेल्याने त्यांचा संशय वाढतो, हे लक्षात आल्यावर डायन उघड्यावर बसू लागल्या. त्या रानटी सेलरीचे देठ चावत, अंग खाजवत, गोरिला समाधानाने काढतात तसा घशातला आवाज काढत आणि टक लावून पाहणे टाळत. प्रत्येक गोरिलाच्या नाकावरच्या सुरकुत्या वेगळ्या असतात; त्यांची रेखाटने करून त्या एकेकाला ओळखत. १९७० मध्ये पीनट्स नावाच्या तरुण नराने त्यांच्या हाताला स्पर्श केला. बॉब कॅम्पबेल यांनी टिपलेल्या छायाचित्रांमुळे छाती बडवणाऱ्या राक्षसाची प्रतिमा मागे पडली आणि कुटुंबवत्सल, लाजाळू प्राणी लोकांना दिसला.

डिजिट हा त्यांचा लाडका नर. त्याचे छायाचित्र रवांडाच्या पर्यटन जाहिरातीवर झळकले होते. ३१ डिसेंबर १९७७ रोजी शिकाऱ्यांना थोपवताना तो मारला गेला. त्याचे कुटुंब मात्र निसटले. डिजिटच्या नावाने डायन यांनी निधी उभा केला आणि चोरट्या शिकाऱ्यांविरुद्धची लढाई आणखी कडवी केली. त्यांच्या कठोर वागण्यावर टीका झाली, शत्रूही वाढले. पर्यटनालाही त्यांचा विरोध होता. डिसेंबर १९८५ मध्ये कॅरिसोके येथील झोपडीतच त्यांचा खून झाला. त्याचे गूढ अजून उकललेले नाही. डिजिटच्या शेजारीच त्यांना पुरण्यात आले.

पर्यटन थांबले नाही. उलट त्याच्या पैशातून राखणदारांचे पगार आणि गोरिलांवरचे उपचार होऊ लागले. मात्र जवळीकीचा धोका विज्ञानाने नेमका दाखवून दिला. माणूस आणि गोरिला यांच्या जनुकांत सुमारे ९८ टक्के साम्य असल्याने माणसाचा साधा सर्दी-खोकला गोरिलाला जीवघेणा ठरू शकतो. म्हणून आज पर्यटकांच्या एका गटात सहसा आठच जण असतात, भेट तासाभराची असते आणि काही मीटरचे अंतर राखावे लागते. आजारी माणसाला मज्जाव असतो. पीनट्सचा तो स्पर्श आज नियमभंग ठरला असता.

१९८० च्या दशकाच्या सुरुवातीला विरुंगा पर्वतरांगेत जेमतेम अडीचशे गोरिला उरले होते. २०१८ मध्ये तिथली संख्या सहाशेच्या वर आणि युगांडातील ब्विंडी धरून एकूण हजाराच्या वर गेली. 'अतिसंकटग्रस्त' ही नोंद बदलून 'संकटग्रस्त' झाली. डायन यांनी गोरिलांशी जोडलेल्या नात्यामुळे जगाला त्यांची काळजी वाटू लागली; ती काळजी आता ठरावीक अंतरावरून घ्यावी लागते.