स्वयंपाकघरात तयार झालेल्या फुग्याने उघडली हृदयाची धमनी!

आज ‘अँजिओप्लास्टी झाली’ हे घरोघरी ऐकू येतं. हृदयासाठी ही पद्धत आणली आंद्रेआस ग्रुंट्झिग यांनी.

१९३९ साली जर्मनीतील ड्रेस्डेनमध्ये जन्मलेले ग्रुंट्झिग पुढे स्वित्झर्लंडमधील झुरिक येथे डॉक्टर म्हणून काम करू लागले.

हृदयाचा स्नायू आरामातही रक्तातला सुमारे ७० टक्के ऑक्सिजन शोषून घेतो. त्यामुळे धमनी अरुंद झाली की ऑक्सिजनची तूट भरून काढायला रक्तप्रवाहच वाढवावा लागतो. त्या काळी त्यासाठी छाती उघडून बायपास करत.

ग्रुंट्झिग यांनी घरच्या स्वयंपाकघरातील टेबलावर, पत्नी आणि सहकाऱ्यांच्या मदतीने, नळीच्या टोकाला बसणारे चिमुकले फुगे बनवले. १९७६ मध्ये त्यांनी कुत्र्यांवरील प्रयोग मांडले, तेव्हा अनेकांना ते पटले नाहीत.

१६ सप्टेंबर १९७७ रोजी झुरिकमध्ये ३८ वर्षांच्या रुग्णावर, तो शुद्धीत असतानाच, त्यांनी ही प्रक्रिया केली. ग्रुंट्झिगही तेव्हा ३८ वर्षांचेच होते. फुगा फुगला, धमनी रुंदावली, रक्त वाहू लागलं आणि छातीतलं दुखणं थांबलं.

१९८० मध्ये ते अमेरिकेतील अटलांटाला गेले. १९८५ मध्ये स्वतःचं विमान चालवताना झालेल्या अपघातात पत्नीसह त्यांचा मृत्यू झाला. वय अवघं ४६.

त्यानंतर दोन वर्षांनी त्या पहिल्या रुग्णाची तपासणी झाली. धमनी अजूनही उघडीच होती.