एका विहिरीच्या अनेक शाखा

शनिवार पेठेतल्या स्वयंपाकघरात गॅस पेटविताना मुंबईच्या समुद्रातील तेलविहिरी सहसा आठवत नाहीत. मग केशवदेव मालवीय कोठून आठवणार?

मालवीय यांचा जन्म १९०४ मधला, अलाहाबादचा. कानपूरच्या हारकोर्ट बटलर संस्थेत ते तेलतंत्र शिकले, स्वातंत्र्यलढ्यात उतरले आणि पुढे नेहरूंच्या मंत्रिमंडळात आले. तेल शोधण्याची विद्या तेव्हा परदेशी कंपन्यांच्या मुठीत होती. मालवीय यांनी सोव्हिएत व रुमानियन तज्ज्ञांचे साह्य घेतले. परंतु ती विद्या येथे रुजावी म्हणून १९५६ मध्ये तेल व नैसर्गिक वायू आयोगाच्या उभारणीत पुढाकार घेतला. १९५८ मध्ये खंबायतला, १९६० मध्ये अंकलेश्वरला तेल लागले. एका खाणकंपनीच्या निवडणूक-देणगीच्या प्रकरणात १९६३ मध्ये त्यांना मंत्रिपद सोडावे लागले, हेही विसरून चालणार नाही. १९७४ मध्ये ‘मुंबई हाय’चा शोध लागला, १९७६ मध्ये तेथे उत्पादन सुरू झाले तेव्हा पेट्रोलियम खाते मालवीय यांच्याकडेच होते. १९८१ मध्ये ते निवर्तले.

पुढे हे क्षेत्रही उतरणीला लागले. विहिरीचे पाणी आटले की आपला शेतकरी तिच्या तळाशी आडवी बोअर मारतो. ‘मुंबई हाय’च्या चुनखडकात २००० नंतर याच तत्त्वाने बहुशाखी विहिरी खोदल्या गेल्या. फलाट तोच, विवराचा वरचा भाग तोच. खाली मात्र शाखा फुटतात आणि तेल झिरपण्यास अधिक खडक मोकळा होतो. सोव्हिएत अभियंते अलेक्झांडर ग्रिगोर्यान यांनी १९५३ मध्येच बश्किरियात नऊ शाखांची विहीर खोदली होती. शेजारच्या विहिरींच्या तुलनेत तिचा खर्च दीडपट, तर उत्पादन सतरापट होते. प्रत्येक खडक इतका उदार नसतो. तरी जमिनीतील साठा तोच असताना केवळ कौशल्याने संपत्ती कशी वाढते, याचा अर्थशास्त्राला याहून सोपा दाखला सापडणार नाही.

जानेवारी २०२५ मध्ये ‘मुंबई हाय’चे उत्पादन वाढविण्यासाठी ब्रिटनच्या ‘बीपी’ कंपनीची दहा वर्षांकरिता तांत्रिक साहाय्यक म्हणून निवड झाली. देशाच्या गरजेपैकी ८५ टक्क्यांहून अधिक कच्चे तेल आयात होत असताना या निर्णयाला नाके मुरडण्याचे कारण नाही. परकीयांचे ज्ञान मालवीय यांनीही घेतलेच होते. मात्र त्यांनी लावलेली कसोटी येथेही लावली पाहिजे : दहा वर्षांनी ती विद्या आपल्या अभियंत्यांजवळ उरणार, की तिच्यासाठी पुन्हा दाम मोजावे लागणार?