जिम थॉर्प : सत्तर वर्षांनी परतलेली पदके

जिम थॉर्प यांचा जन्म १८८७ च्या सुमारास, आज अमेरिकेच्या ओक्लाहोमा राज्यात मोडणाऱ्या प्रदेशात, सॅक अँड फॉक्स ह्या आदिवासी जमातीत झाला. त्यांचा स्नानसंस्कार कॅथोलिक ख्रिस्तसभेत झाला होता. जुळा भाऊ चार्ली लहानपणीच आजारपणात गेला. पुढे आईवडिलांचे छत्रही लवकर हरपले. पेनसिल्व्हेनियातील कार्लाइल येथील सरकारी शाळेत ते शिकले. तेथे आदिवासी मुलांना स्वतःची भाषा व रीतिरिवाज विसरायला लावीत. त्याच शाळेच्या मैदानावर त्यांचे गुण दिसून आले.

१९१२ च्या स्टॉकहोम ऑलिंपिकमध्ये त्यांनी पेंटॅथलॉनच्या पाचपैकी चार प्रकारांत पहिला क्रमांक मिळवला. दहा प्रकारांच्या डेकॅथलॉनमध्ये ८,४१२ गुण मिळवून त्यांनी दुसऱ्या खेळाडूला सुमारे ७०० गुणांनी मागे टाकले. दोन्ही सुवर्णपदके त्यांचीच!

परंतु १९१३ साली एक गोष्ट उघडकीस आली. १९०९-१० मध्ये ते उन्हाळ्यात किरकोळ मोबदल्यावर बेसबॉल खेळले होते. इतर अनेक विद्यार्थी खोट्या नावाने असेच खेळत, थॉर्प मात्र स्वतःच्या नावाने खेळले. तक्रार ३० दिवसांत व्हावी असा नियम होता. ती मुदत केव्हाच टळून गेली होती, तरीही पदके काढून घेण्यात आली.

त्यानंतर ते व्यावसायिक बेसबॉल व अमेरिकन फुटबॉल खेळले. उतारवयात मात्र त्यांना मद्याचे व्यसन जडले, गरिबी आली आणि मोलमजुरी करावी लागली. २८ मार्च १९५३ रोजी ते वारले, तेव्हा पदके परत आलेली नव्हती.

१९८२ मध्ये ऑलिंपिक समितीने निर्णय बदलला आणि जानेवारी १९८३ मध्ये त्यांच्या मुलांना पदकांच्या प्रतिकृती दिल्या. तरी नोंदीत ते संयुक्त विजेतेच राहिले. अखेर १५ जुलै २०२२ रोजी त्यांना एकमेव विजेते म्हणून मान्यता मिळाली. डेकॅथलॉनचे सुवर्णपदक ज्यांच्याकडे गेले होते, त्या स्वीडनच्या ह्यूगो विस्लँडर यांनी स्वतःला खरा विजेता कधीच मानले नव्हते, असे त्यांच्या कुटुंबीयांनीही सांगितले.

एखाद्याचे नाव एकदा पुसले की ते परत लिहायला किती वर्षे लागतात, हे ह्या जीवनातून आपल्याला दिसते. घरात, गावात वा संस्थेत आपण कुणाचा असा मान हिरावला असेल, तर तो त्याच्या हयातीतच परत करू या.