राज्य गेले, ग्रंथ राहिले

तंजावरच्या सरस्वती महाल ग्रंथालयातील संग्रहालयात काही गमतीदार चित्रे आहेत. शार्ल ल ब्रन या फ्रेंच चित्रकाराने माणसांचे चेहरे आणि पशुपक्ष्यांची तोंडे यांतले साम्य त्यांत दाखवले आहे. मुले ती पाहून खुदकन हसतात. मीही हसलो. मग मनात आले, कावेरीकाठच्या मराठी राजाला ही चित्रे कशाला हवी होती?

हा राजा म्हणजे सरफोजीराजे भोसले, दुसरे. शिवछत्रपतींचे सावत्र बंधू व्यंकोजीराजे यांनी स्थापलेल्या गादीचे वारस. जन्म १७७७ चा. तुळजाजीराजांनी १७८७ मध्ये त्यांना दत्तक घेतले आणि लवकरच ते वारले. दत्तक शास्त्राला धरून नाही, असा कौल पंडितांनी दिला आणि अमरसिंग गादीवर बसले. दहा वर्षांच्या मुलाचे राज्य पोथीच्या अर्थावरून गेले! श्वार्ट्झ या जर्मन मिशनऱ्याने त्याची पाठराखण केली. मद्रासला त्याच्या शिक्षणाची सोय झाली. पुढे पंडितांचा कौल फिरला आणि १७९८ मध्ये सरफोजी राजे झाले. तो दिवस पाहायला श्वार्ट्झ मात्र उरले नव्हते. काही महिने आधीच ते निवर्तले होते.

पुढच्याच वर्षी, १७९९ च्या तहाने, कारभार कंपनीकडे गेला. राजांकडे उरला किल्ला आणि तनखा. एखादा माणूस अशा वेळी ऐषारामात बुडाला असता. सरफोजींनी ग्रंथ जमवले. नायक राजांपासून चालत आलेल्या पोथीखान्यात त्यांनी संस्कृत, तमिळ, तेलुगू, मराठी हस्तलिखितांची भर घातली; युरोपातून छापील पुस्तके मागवली. वाड्यात देवनागरी छापखाना काढला. इसापच्या गोष्टी मराठीत छापून घेतल्या. धन्वंतरी महालात औषधांचा अभ्यास चाले. नेत्ररोग्यांच्या नोंदी आणि त्यांच्या डोळ्यांची चित्रेही त्यांनी करवून घेतली. १८२० मध्ये काशीयात्रेला निघाले, तेव्हाही तिथून दुर्मिळ पोथ्या मिळवल्या.

१८३२ मध्ये ते वारले. पुत्र शिवाजीराजे १८५५ मध्ये पुत्राविना गेले आणि गादी संपली. पोथ्याही तेव्हाच विखुरल्या असत्या. पण त्या टिकल्या, आणि १९१८ मध्ये ग्रंथालय सर्वांना खुले झाले. आज तिथे सुमारे ४९ हजार हस्तलिखिते आहेत. ज्या राज्यासाठी एवढे वाद झाले, त्याच्या कितीतरी खुणा पुसल्या गेल्या. तनख्यातून घडलेला संग्रह मात्र उरला.

तंजावरला गेलात, तर बृहदीश्वराचे मंदिर पाहालच. त्याच्या भिंतीवर सरफोजींनी १८०३ मध्ये भोसले घराण्याचा इतिहास मराठीत कोरून घेतला आहे. तो वाचून झाला की मुलांना घेऊन ग्रंथालयातही तासभर जा. दगडावरची अक्षरे आपोआप टिकतात. ताडपत्रावरची टिकतात, ती कुणीतरी जपली म्हणून.